पस्तीस टक्क्यांची रेघ

अमेरिकेच्या कृषी खात्याने मातीच्या वर्गवारीसाठी जो त्रिकोणी तक्ता रूढ केला, त्यात ३५ टक्के चिकणमातीवर एक रेघ आहे. माती वाळूप्रधान असेल आणि तिच्यात चिकणमातीचे कण ३४ टक्के भरले, तर ती रेघेच्या अलीकडे राहते आणि वाळूमिश्रित चिकण पोयटा ठरते. ३६ टक्के भरले की ती पलीकडे जाते आणि वाळूमिश्रित चिकणमाती होते. ओली करून बोटांत चोळली तर दोन्हींतला फरक मुरलेल्या मृदातज्ज्ञालाही सांगता येणार नाही. भूजलाचे गणित मांडणारा अभियंता मात्र १९८८ साली कार्सेल आणि पॅरिश यांनी छापलेला सरासरी आकड्यांचा तक्ता उघडतो, आणि तिथे रेघेअलीकडच्या मातीची संपृक्त जलवाहकता दिवसाला ३१.४४ सेंटीमीटर दिलेली असते, पलीकडच्या मातीची २.८८ सेंटीमीटर. दोन टक्के कण इकडचे तिकडे झाले आणि एक फुटाच्या जागी जेमतेम सव्वा इंच पाणी उतरू लागले.

होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेल्या बंगळूरच्या एचएसआर लेआउटमध्ये ही रेघ पुस्तकात राहत नाही. बंगळूर पठारावरच्या लाल मातीचा स्वभावच असा, की वरच्या थरात वाळू जास्त आणि खाली जावे तसे चिकणमातीचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे एकाच खड्ड्यात, दीड-दोन मीटरच्या आत, माती रेघेच्या अलीकडून पलीकडे जाऊ शकते. त्यात ही वसाहत सपाट माळावरची नव्हे. एका अंगाला अगरा तलाव, पुढे इब्बलूर आणि बेलंदूर, आणि मधला सगळा उतार त्या दिशेने. उंचवट्यावर लाल माती, तळ्याकाठी गाळ, आणि दोन्हींवर गेल्या काही दशकांतल्या बांधकामांचा भराव : विटांचे तुकडे, सिमेंटची भुकटी, कुठून तरी ट्रकने आणून ओतलेला मुरूम. या भरावाचा वर्ग कोणत्याच त्रिकोणात सापडत नाही.

अशा जमिनीतून पाणी खाली किती जाते हे ठरवणारे आकडे कसे निवडावेत, हा या लेखाचा विषय. विषय रूक्ष वाटेल, आणि काही अंशी तो आहेच. पण बंगळूरला तो टाळता येण्यासारखा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात शहरात एका रात्रीत १३० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडला आणि बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यालगतचा पट्टा, एचएसआरचे सखल भाग धरून, पाण्याखाली गेला. मार्च २०२४ मध्ये याच शहरात पाण्याच्या टँकरसाठी रांगा लागल्या. शहरातल्या सुमारे १४,००० सरकारी बोअरपैकी जवळजवळ निम्म्या आटल्याचे तेव्हा राज्य सरकारने सांगितले. या दोन घटनांच्या मधे कुठे तरी एक थर आहे, जमिनीचा पृष्ठभाग आणि भूजलाची पातळी यांच्यामधला. त्यात पाणी असते पण ते विहिरीत येत नाही, पंपाने ओढता येत नाही. शास्त्रात त्याला असंपृक्त विभाग म्हणतात. पुराचे पाणी आत शिरले की नाही आणि शिरलेले बोअरपर्यंत पोचले की नाही, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या थराच्या हाती आहेत.

बंगळूरच्या खाली द्वीपकल्पीय नाइस हा अतिप्राचीन खडक आहे. लालबागेतला त्याचा उघडा कातळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखला आहे. कातळाच्या वर त्याचाच कुजून झालेला मुरूम, त्याच्या वर लाल माती. मुरमाची जाडी काही ठिकाणी दोन-चार मीटर, तर काही ठिकाणी तीस मीटरच्या घरात. पूर्वीच्या उघड्या विहिरी या मुरमातल्या पाण्यावर चालत. आताच्या बोअर त्याला ओलांडून हजार फुटांखालच्या भेगांत जातात. परिणामी मुरमाचा मोठा भाग आज रिता आहे, आणि याच रित्या भागात पावसाचे पाणी पुन्हा भरण्याचे प्रयत्न शहरात चालू आहेत. २००९ पासून ठरावीक आकारापुढच्या भूखंडांवर पावसाचे पाणी साठवणे वा जिरवणे कायद्याने बंधनकारक आहे. बायोम या संस्थेने दहा लाख पुनर्भरण विहिरींची मोहीम हाती घेतली. या विहिरी खणणारे हात मण्णु वड्डर समाजाचे, महाराष्ट्रात ज्यांना माती वडार म्हणतात त्यांचेच भाऊबंद. तीन फूट व्यासाची आणि वीस-तीस फूट खोलीची विहीर ते कुदळीने उतरवतात, सिमेंटच्या कड्या बसवतात आणि गच्चीवरचे पाणी त्यात सोडले जाते. सर्जापूर रस्त्यावरच्या रेनबो ड्राइव्ह या वसाहतीने अशा विहिरी आणि बोअरवरचे स्वतःचे निर्बंध यांच्या जोरावर आपली पाण्याची घडी बसवली, हे उदाहरण शहरात वारंवार दिले जाते.

विहीर खणणारा माणूस मातीचा रंग पाहून आणि कुदळीचा आवाज ऐकून थांबायचे कुठे ते ठरवतो. संगणकावर गणित करणाऱ्याला ते सुख नाही. त्याला आकडे लागतात.

हे आकडे आले कुठून, हा इतिहास थोडक्यात पाहण्याजोगा आहे. एडगर बकिंगहॅम या भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ साली अमेरिकेच्या मृदा विभागासाठी लिहिलेल्या एका पुस्तिकेत पहिल्यांदा नीट मांडले, की मातीतले पाणी ओलाव्याच्या प्रमाणानुसार नव्हे, तर माती त्या पाण्याला किती ओढीने धरून ठेवते त्यानुसार हलते. लॉरेंझो रिचर्ड्‌सने १९३१ मध्ये त्यावरून असंपृक्त प्रवाहाचे समीकरण दिले. आज जगभरची बहुतेक प्रारूपे तेच सोडवतात. हे समीकरण मातीविषयी दोन गोष्टी विचारते. अमुक ओढीला तुझ्यात पाणी किती उरते? आणि तेवढे पाणी असताना ते किती वेगाने वाहते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे जलधारण वक्र. प्रयोगशाळेत तो ठिपक्याठिपक्यांनी मोजला जातो, पण संगणकाला सलग रेषा हवी. ब्रुक्स आणि कोरी यांनी १९६४ मध्ये एक सूत्र दिले. मुआलेम यांनी १९७६ मध्ये वक्रावरूनच जलवाहकता काढण्याची वाट दाखवली. मार्टिनस व्हॅन गेनुख्टेन यांनी १९८० मध्ये या दोन्ही गोष्टी एका सुबक सूत्रात बसवल्या, आणि तेव्हापासून या क्षेत्रात त्यांच्याच नावाचे राज्य आहे.

त्या सूत्रात चार आकडे. मातीत जास्तीत जास्त किती पाणी मावते तो एक. कितीही सुकवली तरी जे हलत नाही असे उरलेले पाणी, तो दुसरा. तिसरा अल्फा : मोठी छिद्रे कोणत्या ओढीला रिकामी होऊ लागतात ते तो सांगतो, अल्फा मोठा म्हणजे छिद्रे मोठी. चौथा एन : छिद्रांचे आकार एकसारखे की लहानमोठ्यांची सरमिसळ, म्हणजे वक्र किती तीव्रतेने उतरतो. वाळूचा एन अडीचच्या पुढे, तर चिकणमातीचा एकच्या जेमतेम वर. यांच्या जोडीला संपृक्त जलवाहकता, जी वर फूट आणि इंचात आली.

यांपैकी पहिले दोन आकडे मोजता येण्यासारखे दिसतात, पण तिथेही गाठ आहे. शेतात माती कधीच पूर्ण भरत नाही. पाणी वरून शिरते तेव्हा काही हवा छिद्रांतच कोंडली जाते, त्यामुळे प्रत्यक्षातली कमाल मात्रा सच्छिद्रतेपेक्षा कमी असते. आणि ‘उरलेले पाणी’ हा तर बहुधा रेषा नीट बसावी म्हणून निघालेला आकडा असतो. त्याला मातीचा गुणधर्म मानून त्यावर तत्त्वज्ञान रचणारे लेख आहेत. ते वाचण्यात वेळ घालवू नये.

आता रेघेकडच्या दोन मातींचे सगळे आकडे तक्त्यातून घेऊन थोडा हिशेब करू. शेतकऱ्याच्या भाषेतला वाफसा म्हणजे साधारण ३३ किलोपास्कलची ओढ, पाण्याच्या उंचीत सुमारे ३३० सेंटीमीटर. त्या ओढीला वाळूमिश्रित चिकण पोयट्यात घनफळाच्या १७ टक्के पाणी उरते आणि वाळूमिश्रित चिकणमातीत जवळजवळ २७ टक्के. दहा मीटर जाडीच्या थरात हा फरक ९८ सेंटीमीटर पाण्याचा होतो. बंगळूरचा वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे ९७० मिलीमीटर आहे. म्हणजे तक्त्यातली एक ओळ चुकली, तर प्रारूपात एका अख्ख्या वर्षाचा पाऊस इकडे किंवा तिकडे होतो.

जलवाहकतेचे आणखी गमतीचे आहे. संपृक्त अवस्थेत पहिली माती दुसरीपेक्षा अकरापट वेगाने पाणी सोडते, पण वाफशाच्या ओढीला क्रम उलटतो. मोठी छिद्रे रिकामी झाल्यावर पोयट्याकडे वाहायला वाटाच उरत नाहीत. बारीक छिद्रांची चिकणमाती तेव्हा किंचित सरस ठरते. अर्थात दोन्हींचा वेग तिथे वर्षाला मिलीमीटरभर, म्हणजे नसल्यासारखाच. वर्षाला १०० मिलीमीटर पाणी अशा थरातून एकसारखे खाली झिरपायचे असेल, तर पोयट्याला २४ टक्के आणि चिकणमातीला ३४ टक्के ओलावा धरावा लागेल. मग पाण्याच्या एखाद्या थेंबाला, आणि त्यात विरघळलेल्या नायट्रेटला, दहा मीटर उतरायला पहिल्या मातीत २४ वर्षे लागतील आणि दुसरीत ३४. सांडपाणी जिरते त्या ठिकाणी हा दहा वर्षांचा फरक पुनर्भरणाच्या मिलीमीटरांइतकाच महत्त्वाचा ठरू शकतो.

भारतात भूजलाचा अधिकृत हिशेब यातले काहीच न करता होतो, हेही नमूद करायला हवे. भूजल अंदाज समितीच्या १९९७ च्या पद्धतीत चिकणमाती कमी असलेल्या कुजक्या ग्रॅनाइट-नाइससाठी पावसाच्या ११ टक्के पाणी मुरते असे धरावे आणि चिकणमाती बरीच असेल तर ८ टक्के, अशी शिफारस होती. महाराष्ट्रातल्या कुजक्या बेसाल्टसाठी ७ टक्के. तालुक्याचा ताळेबंद मांडायला हे पुरते आणि त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण एचएसआरच्या एका सेक्टरमध्ये ५० विहिरी खणल्या तर पाणी किती खोल, किती दिवसांत जाईल, आणि शेजारच्या तळघरात तर येणार नाही ना, याचे उत्तर टक्केवारीतून निघत नाही. तिथे रिचर्ड्‌सचे समीकरण लागते, आणि ते सोडवायचे तर ते चार आकडे आणि संपृक्त जलवाहकता लागते.

आकडे मिळवण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे तक्ता. त्याहून एक पायरी वर रोझेटा : शॉप, लाइज आणि व्हॅन गेनुख्टेन यांचे २००१ चे हे साधन वाळू, गाळ, चिकणमातीची टक्केवारी, शक्य तर मातीची घनता आणि एक-दोन ओढींचा मोजलेला ओलावा घेते आणि चारही आकडे अनिश्चिततेसह देते. त्यात ३५ टक्क्यांची रेघ नसते, ३४ वरून ३६ ला जाताना उत्तर हळूच सरकते. एवढ्यासाठी तरी तक्ता मिटवून रोझेटा उघडावे. पण दोन्हींचा जन्म मुख्यतः अमेरिका आणि युरोपातल्या, समशीतोष्ण हवामानातल्या मातींच्या नमुन्यांवर झाला. बंगळूरची लाल माती त्या कुळातली नाही.

हॉडनेट आणि टोमासेला यांनी २००२ मध्ये उष्णकटिबंधीय मातींचे नमुने गोळा करून हेच आकडे पुन्हा काढले, तेव्हा समशीतोष्ण मातींशी त्यांचा ठळक फरक दिसला, विशेषतः चिकणमातीच्या वर्गात. कारण खनिजांत आहे. पावसाने धुतलेल्या जुन्या लाल मातीत केओलिनाइट आणि लोहाची ऑक्साइडे असतात. लोह चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना सांधून त्यांचे घट्ट गोळे करते. जमिनीत हे गोळे वाळूच्या दाण्यांसारखे वागतात, त्यांच्यामधल्या मोठ्या फटींतून पाणी झरझर उतरते. प्रयोगशाळेत मात्र कणांची टक्केवारी काढण्यापूर्वी सोडियमच्या क्षाराने हे गोळे फोडले जातात. साबुदाणा दळून त्याचे पीठ करायचे आणि मग पिठावरून भिजल्यावर खिचडी किती मोकळी होईल याचा अंदाज बांधायचा, तसा हा प्रकार. अहवाल ‘चिकणमाती’ म्हणतो, तक्ता अल्फा ०.००८ देतो, आणि जमीन प्रत्यक्षात ओल्या टोकाला पोयट्यासारखी, क्वचित वाळूसारखी वागते. सुक्या टोकाला गोळ्यांच्या पोटातल्या अतिसूक्ष्म छिद्रांत पाणी तसेच अडकून राहते. एकाच मातीचे असे दोन स्वभाव व्हॅन गेनुख्टेनच्या एका वक्रात कधी कधी मावतही नाहीत. मग दोन वक्रांची बेरीज करावी लागते.

म्हणून आकडे निवडण्याआधी प्रश्न निवडावा लागतो, आणि घोळ होतो तो बहुतेक इथेच. विहीर भरल्यावर पाणी किती लवकर उतरेल हा प्रश्न असेल, तर वक्राचे ओले टोक महत्त्वाचे : संपृक्तता, अल्फा, जलवाहकता. हे टोक मातीच्या रचनेवर चालते. त्यासाठी न विस्कटलेला, धातूच्या कडीत जसाच्या तसा काढलेला नमुना हवा. चाळलेल्या मातीवर केलेली मोजणी इथे निरुपयोगी आहे. बागेतले झाड मार्चपर्यंत तग धरेल का, हा प्रश्न असेल तर सुके टोक महत्त्वाचे. तिथे, म्हणजे पीक कायमचे सुकते त्या १५०० किलोपास्कलच्या आसपास, रचनेपेक्षा कणांचा बारीकपणा आणि खनिज ठरवतात, आणि चाळलेली माती दाबपट्टीवर ठेवून मोजली तरी चालते. दोन्ही प्रश्नांना एकच संच वापरणे हा आळस आहे, तो कितीही प्रतिष्ठित सॉफ्टवेअरमध्ये केला तरी.

याहून सूक्ष्म चूक म्हणजे एका ठिकाणचा अल्फा, दुसऱ्या ठिकाणचा एन आणि तिसऱ्या अहवालातली जलवाहकता यांची मोट बांधणे. हे आकडे एकत्र, एकाच नमुन्याच्या ठिपक्यांवर बसवलेले असतात. एक चढला की दुसरा त्याला सावरून घेतो. सुटे केले की त्यांना अर्थ उरत नाही. एककांचा गोंधळ तर रोजचा. कोणी अल्फा दर सेंटीमीटरला देतो, कोणी दर मीटरला, कोणी दर किलोपास्कलला. ०.०५९ दर सेंटीमीटर म्हणजे ५.९ दर मीटर. शंभरपट चुकलेला अल्फा घेऊनही प्रारूप कुरकुर न करता चालते आणि रंगीत आलेख काढून देते.

कर्नाटकातच, बंगळूरच्या नैऋत्येला, या विषयाचा देशातला सर्वांत चिवट अभ्यास झाला आहे. भारतीय विज्ञान संस्था आणि फ्रान्सच्या संशोधन संस्थांनी मिळून बंडीपूरच्या जंगलातल्या मूलेहोळे या सुमारे चार चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर २००३ पासून मोजण्या केल्या. खडक नाइसचा, चढावर लाल माती, सखल भागात काळी. म्हणजे बंगळूरच्या पठाराशी नाते सांगणारी, फक्त सिमेंट नसलेली जमीन. लॉरां रुइझ, शेखर मुद्दू आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये जे मांडले ते एचएसआरसाठीही डोळे उघडणारे आहे. तिथे पावसाचे पाणी मातीखालच्या जाड मुरमात ओढीने धरून ठेवले जाते, जंगलातली झाडे खोल मुळांनी तेच पाणी पितात, आणि भूजलापर्यंत जाणारा हिस्सा ही साठवण किती भरली आहे यावर ठरतो. पाऊस आणि विहिरीची पातळी यांचे नाते त्यामुळे सरळ राहत नाही. मुरमाचा जलधारण वक्र वगळून, फक्त वरच्या मीटरभर मातीचे आकडे घातलेले प्रारूप हे दाखवूच शकले नसते. आणि नेमके मुरमाचे आकडे कोणत्याच तक्त्यात नाहीत, कारण मृदातज्ज्ञाचा खड्डा मुरूम लागला की थांबतो आणि भूजलतज्ज्ञाचे काम पाणी लागल्यावर सुरू होते.

याच मंडळींनी गुंडलुपेटजवळच्या बेरंबाडी पाणलोटात दुसरी वाट चोखाळली. प्रत्येक शेतातून नमुने काढून प्रयोगशाळेत नेणे परवडत नाही. तर मग पीक आणि वरच्या थराचा ओलावा मोजावा, आणि कोणते आकडे घातले असता प्रारूपातले पीक शेतातल्या पिकासारखे वाढते ते उलट दिशेने शोधावे. श्रीलश आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन थरांच्या मातीसाठी हे करून दाखवले. अशा उलट्या शोधात एक गोष्ट हमखास पुढे येते : जुळणारा संच एकच नसतो, डझनावारी, कधी हजारावारी असतात. कीथ बेव्हन आणि अँड्र्यू बिन्ली यांनी १९९२ मध्ये सुचवलेली पद्धत यावर सरळ मार्ग काढते. सर्वांत चांगला संच निवडू नका, पुरेसे चांगले सगळे ठेवा, त्या सर्वांवर प्रारूप चालवा आणि उत्तर पट्ट्यात द्या. पुनर्भरण ९२ मिलीमीटर असे छापण्याऐवजी ‘६० ते १३०’ असे लिहिणे अनेक अहवाललेखकांना कमीपणाचे वाटते, सल्लागाराचे बिल मंजूर करणाऱ्यांना त्याहून जास्त.

आणखी एक खाच पुनर्भरण विहिरींच्या बाबतीत जाणवते. प्रयोगशाळा माती भिजवून मग सुकवत जाते, म्हणून छापलेले जवळजवळ सगळे वक्र सुकतानाचे असतात. विहिरीभोवती मात्र कोरडा मुरूम भिजत असतो. एकाच ओढीला भिजणारी माती सुकणाऱ्या मातीपेक्षा कमी पाणी धरते. अरुंद तोंडाची छिद्रे रिकामी व्हायला जितकी ओढ लागते, त्याहून बरीच कमी झाल्याशिवाय ती पुन्हा भरत नाहीत. कूल आणि पार्कर यांनी १९८७ मध्ये एक सोय सुचवली, की भिजतानाचा अल्फा सुकतानाच्या दुप्पट धरावा. ढोबळ आहे, पण काहीच न करण्यापेक्षा बरी.

हेच शास्त्र बंगळूरहून नागपूरकडे नेले की त्याचे पाय वेगळ्याच ठिकाणी अडखळतात. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती बेसाल्टपासून झालेली, तिच्यातले स्मेक्टाइट खनिज पाणी प्यायले की फुगते. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा, आणि पहिला जोराचा पाऊस त्या भेगांतून सरळ तळाशी. पुढे माती फुगून भेगा मिटल्या की वर पाणी तुंबते. व्हॅन गेनुख्टेनचे सूत्र मातीचा सांगाडा ताठ आहे असे धरून चालते. इथे सांगाडाच हलतो. जास्तीत जास्त मावणारे पाणी हा आकडा जूनमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरा. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोने या मातींच्या नमुन्यांवर बराच अभ्यास केला आहे. त्याच ब्यूरोचे एक प्रादेशिक केंद्र बंगळूरला हेब्बाळमध्ये आहे. म्हणजे लाल आणि काळ्या दोन्ही मातींचे भारतीय आकडे शोधणाऱ्याला अमेरिकेचा तक्ता उघडण्यापूर्वी ठोठावण्यासारखे दार आहे. बारीक मातीत एन एकच्या अगदी जवळ आला की समीकरण सोडवताना संगणकही अडखळतो, संपृक्ततेजवळ जलवाहकता इतकी एकाएकी कोसळते की पावले लहान लहान करत प्रारूप थिजते. हायड्रससारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दोन सेंटीमीटरच्या हवाप्रवेशाची सुधारणा दिली आहे. काळ्या मातीवर काम करणाऱ्याने ती खूण डोळे मिटून सोडून देऊ नये.

शहरात एक अडचण अशी, की वरून येणारे पाणी फक्त पावसाचे नसते. बंगळूरच्या भूजल पातळीवर २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुन्या, मध्यवर्ती भागात पातळी वर आणि बाहेरच्या भागात खोल असल्याचे दिसले. मध्यभागी नळांची जुनी जाळी गळतात आणि कावेरीचे पाणी नकळत जमिनीत मुरत राहते. अशा ठिकाणी पातळी जुळावी म्हणून अल्फा आणि एन पिळत बसलेला माणूस खरे तर नळाची गळती मातीच्या खात्यावर टाकत असतो.

एचएसआरपुरते बोलायचे तर सुरुवात स्वस्तात होऊ शकते. नवी विहीर खणली जात असताना, कड्या बसण्यापूर्वी, एक, तीन आणि सहा मीटरवर धातूच्या कडीने न विस्कटलेले नमुने घ्यावेत. वडार मंडळी खाली असतातच, वेगळे यंत्र लागत नाही. भराव कुठे संपला, लाल माती कुठे, मुरूम कुठे लागला, याची खोली फुटात लिहून ठेवावी. विहीर पहिल्यांदा भरली की पाण्याची पातळी दर दहा मिनिटांनी, नंतर दर तासाला मोजावी, आणि दोन-तीन भरण्यांनंतर पुन्हा, कारण कोरड्या मुरमातला पहिला उतार ओढीमुळे फसवा वेगवान असतो आणि गच्चीवरचा गाळ तळाशी बसू लागला की वेग घटत जातो. या नोंदींवरून संपृक्त जलवाहकता बऱ्यापैकी निश्चित होते, अल्फाचा अंदाज येतो. एनबद्दल मात्र त्यातून जवळजवळ काहीच कळत नाही, तो कडीतल्या नमुन्यावरूनच काढावा लागतो. आणि ते नमुने प्रयोगशाळेत पोचेपर्यंत उन्हात सुकू नयेत म्हणून मेण लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, डिकीत न टाकता मांडीवर घेऊन जावेत : होसूर रस्त्यावरचे खड्डे न विस्कटलेला नमुना विस्कटायला पुरेसे आहेत.